तिसरं बटण

"तू फक्त शेजारी बस. बटणांना नावंच नाहीत रे, हा कॉम्प्युटर कानात नुसता 'बटण, बटण' करतो," हेडफोन चाचपत देवराम म्हणाला.

"काळजी सोड," मी म्हटलं. "ह्या कॉम्प्युटरच्या बारशाला जेवलोय मी!"

जन्मांध देवराम देवळाली कॅम्पातल्या एका कंपनीत बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होता. चारशे नंबर तोंडपाठ. मग फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि हा घरी बसला. बसला कसला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा बोलका कॉम्प्युटर शिकला. पुण्याच्या एका कंपनीनं कॅमेऱ्यावर मुलाखत ठेवली, ती मोहिनीच्या सायबर कॅफेतून द्यायची होती. पंचेचाळिशीतल्या आंधळ्याला दुसऱ्यांदा कोण विचारतं?

आदल्या दिवशी मीच त्याला मोजून शिकवलं होतं. टॅबची कळ दाबली की एकेक बटण पुढं; तीनदा टॅब, मग एंटर, की आपला आवाज मोठा.

पडद्यावर दोन साहेब आले, बोलणं सुरू झालं. म्हटलं, घोटभर चहा मारून यावा. टपरीवर माझी सटाण्याच्या कांद्याची गोष्ट निघाली. कांदा एवढा, की चिरायला बैल जुंपले, तर बैलच रडायला लागले. लोक हसले. मी लांबवली.

परत आलो तर देवराम रंगात आलेला. काय तो आवाज! पडद्यावर मात्र कुणीच नव्हतं. वर कुठलीशी जाहिरात उगवली होती. मोजणीत तिचा पहिला नंबर लागला आणि फोन ठेवायचं दुसरं बटण झालं तिसरं.

बोलणं संपवून त्यानं हेडफोन काढला. "मोठ्यानं बोला म्हणाले, मी आवाज वाढवला. मग लय शांतपणे ऐकलं रे त्यांनी. माना डोलवत होते का?"

गल्ल्यावर मोहिनी होती. तिनं पाच मिनिटांत पुन्हा जोडून दिलं असतं. पण मग मी कुठं होतो, तेही सांगावं लागलं असतं.

"डोलवत? टकल्या साहेब तर डोळे मिटून डोलत होता!"

नोकरीचं पत्र आलं नाही. देवराम मात्र अजून संध्याकाळी येतो, ओट्याला काठी टेकवतो.

"टकल्या साहेबाचं सांग की."

माझी कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा तशीच राहत नाही. एकदा बोलून गेलो, दोघंही डोलत होते.

"नाही, एकच," देवराम म्हणाला.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. देवराम ऐकता ऐकता स्वतःच मान डोलवत राहतो, सावकाश, साहेबासारखी.