छोटीताईच्या पायांखालचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. दिसायला साधेच, पण एका आमदारबाईंना मी आयुष्यभर पेलले आहे.

दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवले, ते आपल्या धाकट्या बहिणीसाठी. ती दगडखाणीजवळच्या दवाखान्यात कंपाउंडर होती. उंची इतकी बेताची, की वरच्या फळीवरची बाटली काढताना तिला टाचा उंचावून घाम फुटायचा. सगळे तिला छोटीताई म्हणत.

दवाखान्यात खाणीतले कामगार खोकत यायचे आणि लाल औषधाची बाटली घेऊन परत जायचे. ताईचा नवराही खाणीत दगड फोडायचा. एके वर्षी त्यालाही तोच खोकला लागला. दगडाच्या धुळीने छाती निकामी होते हे डॉक्टर जाणून होते, पण कायद्याच्या लेखी तो कामामुळे झालेला आजारच नव्हता. त्यामुळे खाणमालक कानांवर हात ठेवून मोकळे व्हायचे. शेवटी ताईचे डोके फिरले. तिने मला काखोटीला मारले, खाणीच्या फाटकासमोर मांडले आणि माझ्यावर चढून बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी मला कळले, की बाटल्या काढण्यापेक्षा मोठे काम आपल्या नशिबी आहे.

पहिल्या निवडणुकीत ती सपाटून आपटली. दुसऱ्या वेळीही तीच गत. विरोधकांनी तिला ‘स्टूलवाली’ म्हणून हिणवले, तर तिने हट्टाने निवडणूक चिन्हच स्टूल मागून घेतले. तिसऱ्या खेपेला आम्ही निवडून आलो. आम्हीच म्हणतो मी. भिंतीभिंतींवर चित्र तर माझेच होते!

विधानसभेत भाषणासाठीचे लाकडी मेज चांगलेच उंच होते. त्यामागे ताईच्या फक्त भुवया दिसत. ती मला घेऊन आली तेव्हा सभागृहात हशा पिकला. बाहेरून वस्तू आणायला परवानगी नाही, असे अध्यक्षांनी बजावले.

ताई शांतपणे म्हणाली, “अध्यक्ष महाराज, एकतर हा माइक खाली आणा, नाहीतर मला वर येऊ द्या.”

अध्यक्षांनाही हसू आवरले नाही. मी सभागृहात राहिलो ते राहिलोच.

खाणीच्या आजाराचे विधेयक मांडायला तिने कितीतरी अधिवेशने खेटे घातले. अखेर मतदानाचा दिवस उजाडला. वर प्रेक्षकांच्या सज्जात तिचा भाऊ आणि नवरा बसले होते. मालकांच्या बाजूचे सदस्य बाके बडवत ‘नाही, नाही’ असे काही ओरडले, की ‘होय’ कुठच्या कुठे बुडून गेले. आवाजावरून विधेयक फेटाळले जाणार, तोच ताई माझ्यावर चढली.

“आवाज नका मोजू,” ती म्हणाली, “माणसं मोजा.”

बाजूने असलेल्यांनी उभे राहावे, असे अध्यक्षांनी सांगितले. तेवढ्यात वरून खोकल्याची ढास ऐकू आली. शिपायाने ताईच्या नवऱ्याला बाहेर जाण्याची खूण केली. तो जागचा हलला नाही. मागच्या बाकावरचे एक म्हातारे सदस्य उठले. मग शेजारचे. मग ‘नाही’ ओरडणाऱ्यांतलेही काहीजण मान खाली घालून उभे राहिले. ताई माझ्यावर टाचा उंचावून एकेक डोके मोजत होती. मी मात्र तसूभरही हललो नाही. मोजणी झाली आणि विधेयक मंजूर झाले. वर सुतारदादा लहान मुलासारखा रडत होता.

खाणीत पाण्याचे फवारे बसले. आजारी कामगारांना हक्काचे उपचार मिळाले. ताईच्या नवऱ्याचा खोकला पुरता गेला नाही, पण आता तो रोज फिरायला जातो आणि ताईपेक्षा जास्त बोलतो.

ताई पुढे कितीदा तरी निवडून आली आणि मग आपणहून थांबली. त्यानंतर मी अडगळीत पडलो. दमट हवेने माझा एक पाय डगमगू लागला. मला काचेच्या पेटीत ठेवावे, असे काहींच्या मनात आले. ताईने साफ नकार दिला. “त्याला शोभेचं करू नका,” ती म्हणाली, “खाणीतल्या बायकांची आज फाटकाशी सभा आहे, तिकडे पाठवा.”

मित्रांनो, म्हणून आज मी पुन्हा फाटकासमोर उभा आहे. मला रंग नको, हार नकोत. फक्त माझ्या पायात एक खिळा ठोका. समोरून एक बाई पदर खोचून येते आहे, आणि तिला बरेच काही बोलायचे आहे.