स्क्रीनची वाटणी

जगातली सगळी मोठी भांडणं जमिनीवरून झाली, असं इतिहास सांगतो. माझ्या मामेभावांचं भांडणही जमिनीवरूनच होतं. फक्त ती जमीन काचेमागे होती आणि रुंदीला दोन बोटं भरत होती.

दोघे मिळून संगणकावर चित्रं काढायचा प्रोग्रॅम बनवत होते. ब्रश, पेन्सिल, खोडरबर ही अवजारं थोरल्याने केली होती, सगळे रंग धाकट्याने. आता बटणं कुठे मांडायची हा प्रश्न होता, आणि डावी कड दोघांनाही हवी होती.

"वाचताना डोळे डावीकडून निघतात," थोरला म्हणाला.

"चित्र वाचतं कोण, दादा?"

"तुझं वाचावंच लागतं. खाली नाव लिहिलंस तरच कळतं, घोडा आहे की टेबल."

शुक्रवारी पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाच्या मुख्य चित्रकार बाई येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर त्यांचे सगळे चित्रकार हाच प्रोग्रॅम वापरणार. नाही दिला तर थोरला नोकरी शोधणार आणि धाकटा सासऱ्यांच्या फर्निचरच्या दुकानात बसणार, असं ठरून गेलं होतं. सासरेबुवांनी तर एक खुर्ची विकायची थांबवून बाजूला काढून ठेवली होती.

शेवटी मामीने वाटणी केली. "डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची. आणि आता जेवायला चला, भात निवतोय."

डावीचा मान गेला म्हणून धाकट्याने आपली पट्टी आणखी बोटभर रुंद केली. ते पाहून थोरल्याने आपली दीड बोट वाढवली. असं होता होता मधला कोरा कागद पोस्टकार्डाएवढा उरला. त्याच्या बाजूने भांडायला तिसरा भाऊ नव्हता. चित्रातला रंग उचलणारा ड्रॉपर अवजारात धरायचा की रंगात, यावर अख्खी दुपार गेली आणि तो दोन्हीकडे बसला.

'मागे घ्या' हे बटण मात्र कोणालाच नको होतं. शेवटची चूक रद्द करणारं ते बटण आपल्याकडे ठेवणं म्हणजे चूक आपली, असं कबूल करणं.

"चुका ब्रशने होतात. तुझ्याकडेच ठेव."

"ब्रश बिचारा सांगितलं तेवढं करतो. नाकाला जांभळा रंग कोणी दिला?"

मामी वैतागली. ती एक महिना वरच्या मजल्यावर थोरल्याकडे राही, एक महिना खाली धाकट्याकडे. "मग माझ्यासारखंच करा ना त्याचं! एक महिना इकडे, एक महिना तिकडे!"

हा टोमणा होता. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बटण आपोआप बाजू बदलेल, अशी सोय त्यांनी केली. मदतपुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं : "'मागे घ्या' सापडत नसल्यास कॅलेंडर पाहावे."

शुक्रवारी नेमकी पहिली तारीख निघाली. बाई आल्या, चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली. दोन्ही भाऊ त्यांच्या दोन खांद्यांमागे उभे राहिले, आपापल्या बाजूला; मी मधोमध. बाईंनी दोन्ही पट्ट्या वरपासून खालपर्यंत पाहिल्या. "बरंच आहे हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सवयीने कीबोर्डवरची एक कळ दाबली. पट्ट्या गेल्या. स्क्रीनभर पांढरा कागद उरला. ही सोय भावांनी अगदी सुरुवातीला मिळून केली होती आणि नंतर ते ती विसरले होते.

बाईंनी एक बकरी काढली. कान चुकला, तर कीबोर्डवरूनच मागे घेतला आणि पुन्हा काढला.

"रेघ छान येते. अडखळत नाही," त्या उठता उठता म्हणाल्या. "घेतो आम्ही. फक्त उघडल्यावर ते कडेचं काही दिसायला नको. आमच्याकडे सगळे लपवूनच काम करतात."

त्या गेल्यावर धाकट्याने सासऱ्यांना फोन करून खुर्ची विकून टाकायला सांगितलं. मग थोरल्याने मला हळूच बाजूला घेतलं.

"तू मध्ये होतास. आधी कोणाची पट्टी गेली?"

दोन्ही एकदमच गेल्या होत्या.