हाड शाबूत

मित्रांनो, आत या आणि दार नीट लावून घ्या. घाबरू नका, मी चावत नाही! मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे, आणि आज मला तुमच्याजवळ एक गुन्हा कबूल करायचा आहे.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा चाचणीसाठी माझ्यापुढे एक पाना ठेवला होता. त्याचा फोटो इतका लख्ख आला की मी हवेतच गेले! मग या दवाखान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत आले. काय तोरा होता माझा! पोरांनी गिळलेली नाणी, आजोबांचं मोडलेलं खुब्याचं हाड, सगळं मी चुटकीसरशी दाखवायचे. लोक म्हणायचे, "हिच्यापासून काही लपत नाही."

पण लपत होतं, मित्रांनो. मला हाडं दिसतात. हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, म्हणजे लिगामेंट, मला मुळीच दिसत नाहीत. ते टराटरा फाटले, तरी माझा फोटो आपला छान.

त्यात आमची घोट्याची रीत ठरलेली. पेशंट टेबलावर आडवा, पाय सैल, दोन फोटो, चला पुढचा! उभं करून फोटो काढायचा लाकडी ओटा कोपऱ्यात होता, पण त्याच्यावर कोऱ्या कागदांचे खोके चढले होते. फोटो काढणारे काका म्हणत, "उभं केलं की लोक बोंबलतात." आणि लिहिण्यात वेळ जायला नको म्हणून डॉक्टरांनी शिक्काच बनवून घेतला होता, 'हाड शाबूत'. लोक तो 'पाय शाबूत' असा वाचत आणि खूश होऊन घरी जात.

एका शनिवारी एक वायरमन आला. पायरीवरून उतरताना पाय मुरगळलेला, घोटा टम्म. सोबत त्याची मोठी बहीण. आडवा फोटो, ठप्प शिक्का.

"बघ ताई, उगीच ओढून आणलंस. सोमवारी खांबावर."

"अरे, तुला जमिनीवर धड चालता येईना, आणि खांबावर चढतोस?"

"खांबावर चालायचं नसतं गं, चढायचं असतं!"

काकासुद्धा हसले. तो टेबलावरून उतरला, पायावर भार पडला, आणि क्षणभर त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. त्यानंतर बाहेर स्ट्रेचरचं चाक कुरकुरलं, की मला वाटायचं, आला.

तिसऱ्या सोमवारी तो खरंच आला. मनगट मोडलेलं. काकांनी मनगटाचा फोटो काढला आणि दार उघडलं. पण ताई जागची हलली नाही.

"मनगट काय बघत बसलात? तो का पडला, ते बघा की! खांबाच्या पहिल्याच पायरीवर घोट्यानं दगा दिला. अजून वर असता तर?"

काकांनी खोके खाली ओढले. त्याला ओट्यावर उभं केलं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. तो ओरडला. मी फोटो घेतला.

चांगल्या पायात घोट्याजवळ नडगीच्या दोन हाडांमधली फट बारीक होती. दुखऱ्या पायात ती दुप्पट रुंद. भार पडताच हाडं एकमेकांपासून सरकत होती.

डॉक्टरांनी पडद्यावर ती फट मोजली. "लिगामेंट फाटलंय. एमआरआय करून किती ते बघू. तेव्हाच कळलं असतं, तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं. आता ऑपरेशन."

"आणि खांब?" वायरमननं विचारलं.

डॉक्टरांनी एमआरआयची चिठ्ठी लिहायला घेतली.

मित्रांनो, आज काका रजेवर आहेत. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं पसारा नको म्हणून खोके पुन्हा ओट्यावर रचले आहेत. आता दार उघडलं आहे, आणि बाहेरच्या बाकावर तुमच्याच वयाची एक मुलगी बसलेली दिसते आहे. बुटाची नाडी सोडलेली, घोटा सुजलेला. पुढच्या आठवड्यात तिची शर्यत आहे, असं ती आईला तिसऱ्यांदा सांगते आहे. आता तिला आत बोलावलं. माणूस टेबलाकडे बोट दाखवतो आहे.

अगं, विचार ना त्याला. उभं राहू का, म्हणून विचार!

ती आडवी झाली.