सोळा कोरी पानं

खळ वाळायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांत बाइंडरला काहीही करता येत नाही. शिवलेली पुस्तकं शिकंज्यात घालायची, चाक आवळायचं आणि गप्प बसायचं. सूनबाईला नेमकं हे बसणं कधी जमलं नाही. ती कापडाचे तुकडे रचायची, सुया पुसायची, स्वच्छ टेबल पुन्हा झाडायची. सासरे म्हणायचे, "अगं, वाळायचं पुस्तकाने आहे. तुझी का घालमेल?"

या सासऱ्यांना सगळे बाबा म्हणत. याच खोलीत त्यांनी पन्नास वर्षं पुस्तकं बांधली होती. पोटच्या मुलाला खळीचा वास सहन होईना, तो जहाजावर नोकरीला गेला आणि महिन्यातून एकदा फोन करू लागला. तेव्हा बाबांनी सुईदोरा सुनेच्या हातात दिला आणि पहिली दहा पुस्तकं तिच्याकडून उसवून पुन्हा शिवून घेतली. तिने मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं, ते इथे सांगायची गरज नाही. पण हात तयार झाला तो त्यांच्यामुळेच.

मग बाबांची नजर गेली. हळूहळू गेली, त्यामुळे त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही असंच सगळ्यांना वाटलं. पण एक दिवस त्यांचं बोलणंच थांबलं. ताट पुढे ठेवलं तर दोन घास, काही विचारलं तर एक "हं". दिवसभर खिडकीशी मूग गिळून बसलेले. माणूस समोर बसून लांब निघाला होता आणि त्याला हाक कशी मारावी, ते तिला कळत नव्हतं.

तेव्हा तिला कपाटावरचं ते पुस्तक आठवलं. मासे धरण्यावरचं, फार जुनं, शेवाळी डागांचं. तरुणपणी दर रविवारी बाबा ते पिशवीत टाकून नदीवर जायचे, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी परत यायचे. लिहिणारा कोणी शाळामास्तर होता. नदीच्या एका वळणावर, पाठीवर पांढरा डाग असलेल्या एकाच मोठ्या माशामागे त्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती आणि ती हकिगत अगदी सावकाश लिहून काढली होती.

तिने खळ वाळायच्या वेळेत वाचायला सुरुवात केली. काठी कशी निवडावी यावरच तीन दिवस गेले. तिच्या जांभयांवर जांभया, बाबांचं "हं". चौथ्या दिवशी मास्तर एका ओल्या दगडावर बसला तो अकरा पानं उठेचना. गळाच्या दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघतोय, बस्स. तिचा संयम सुटला.

"बाबा, याच्या हाती काही लागतं तरी का हो?"

बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी. "घाई करू नकोस. पुढचं पान वाच, वारा फिरतो बघ."

आणि खरंच वारा फिरला. त्या दिवशी बाबांनी जेवताना मीठ कमी असल्याची तक्रार केली आणि सुनेचा जीव भांड्यात पडला.

पुढचे आठवडे कसे गेले ते तिचं तिलाच कळलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास ती खिडकी अर्धी लोटायची. बादलीतल्या पाण्यावरून परतलेला उजेड छतावर हलत राहायचा. खळीचा वास हळूहळू चिखलाचा व्हायचा, मास्तरच्या नदीवरचं धुकं टेबलाच्या पायांपर्यंत यायचं आणि ती पाय नकळत वर घ्यायची. जन्मात तिने गळाला हात लावला नव्हता, पण त्या वळणावरचा कुठला दगड निसरडा आहे, ते तिला माहीत झालं. काहीच घडत नव्हतं, आणि ते काहीच न घडणं तिला हवंहवंसं वाटू लागलं. पुस्तकं शिकंज्यात दोनाऐवजी चार चार तास राहू लागली. गिऱ्हाईकं म्हणाली, हल्ली बांधणी फार पक्की येते.

मग एका सकाळी तिने पुढची पानं चाळली. शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा, नव्हता. बूच बुडालं, म्हणजे मासा गळाला लागला, आणि इथेच पुस्तक संपत होतं. पानं फाटली नव्हती, शिवणीलगत पात्याने सरळ कापलेली होती. पण कोणी कापली, हे विचारायला तिला सुचलंच नाही. तिला एवढंच दिसलं, की आज पुस्तक संपेल आणि बाबा पुन्हा खिडकीशी जातील.

तिने सोळा कोऱ्या पानांचा फर्मा दुमडला, त्या जागी शिवला आणि दुपारी नेहमीसारखी वाचायला बसली.

पहिल्या दिवशी तिने मनानेच रचून बूच परत वर आणलं. दुसऱ्या दिवशी मास्तर आमिष घरी विसरला. मधून मधून ती कोरं पान उलटायची, आवाज व्हावा म्हणून. थाप पचत होती. तिसऱ्या दिवशी मात्र तिला मास्तरची दया आली. एवढी पानं झाली, बिचाऱ्याला काही तर मिळू दे. तिने त्याला असा काही हिसका मारायला लावला, की पांढऱ्या डागाचा मासा थेट काठावर येऊन पडला. गाव जमलं. वजनकाटा आला. कोणाच्या तरी ताटात गोड वाढावं, तशा समाधानाने तिने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. "हं."

तिने बोट घालून पुस्तक मिटलं.

"धरला म्हणायचा शेवटी," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"मग उद्या काय वाचशील?"

बाबांनी हात पुढे केला. तिने पुस्तक दिलं. त्यांनी कोऱ्या पानावरून अंगठा फिरवला.

"परवापासून ऐकतोय. कागद नवा आहे. जुनं पान उलटताना आवाज नरम येतो, हे करकरतंय."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फसवायचं तर कुणाला, आणि कशाने? पन्नास वर्षं कागद हाताळलेल्या माणसाला, कागदाने!

"मग बोलला का नाहीत?"

"चांगलं सांगत होतीस. हिसका मारून एवढा मासा निघत नाही, दोरी तुटते. पण चांगलं सांगत होतीस." त्यांनी अंगठा शिवणीवर नेला. "ती पानं मीच कापली, सूनबाई. माझ्या लग्नाच्याही आधी. मास्तरनेही धरलाच होता त्याला. वजनसुद्धा लिहिलंय मेल्याने! वाचलं आणि चार दिवस अन्न गेलं नाही मला. मग पातं घेतलं, पानं काढली आणि त्यांच्या पुड्या करून गांडुळं बांधून नेली."

तिला हसूही आलं आणि रडूही.

"साठ वर्षं तो मासा नदीत आहे," बाबा म्हणाले. "डोळे गेले, बाकी सगळं दिसेनासं झालं. तुझा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही गं. तो मात्र दिसतो. आणि आज तू त्याला बाहेर काढलंस."

सुनेने पुस्तक परत घेतलं. पान उलटलं. ते करकरलं.

"मास्तरने वजनकाटा बाजूला केला," ती वाचू लागली. "माशाला दोन्ही हातांवर घेऊन तो कमरेइतक्या पाण्यात उतरला. त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि तसंच धरून ठेवलं. गाव कंटाळून घरी गेलं. मास्तर उभाच. मग शेपूट हललं. हातांतलं वजन एकदम नाहीसं झालं, आणि पांढरा डाग खाली खाली जाताना दिसत राहिला."

छतावरचा उजेड हलत होता. बाबांनी मोठा श्वास सोडला. त्यांची नजर नसलेली नजर खोलीतच कुठेतरी, टेबलाखालच्या पाण्यात होती.

"किती पानं उरलीत?"

तिने मोजली. "चार."

"मग आणखी एक फर्मा शिवून ठेव," बाबा म्हणाले. "आणि हा कागद नको. वरच्या फळीवर जुन्या वह्यांची कोरी पानं आहेत, ती घे. आवाज बरा येईल."