भुलाबाईच्या देशातलं आवळबर्डी

भुलाबाईचा देश गोजरबाईच्या हातचा होता. अकरा वर्षं झाली, भादव्याच्या पुनवेआधी ती ओसरीची भिंत पांढऱ्या मातीनं सारवायची आणि गेरूनं तिच्यावर तो देश उतरवायची. दुधाची नदी, साखरेचा डोंगर, नागवेलीच्या वेशीचं नगर, आणि माहेराहून सासरी जाणारी भुलाबाईची वाट. पुनवेच्या सांजेला गल्लीतल्या पोरी जमायच्या. एकीनं काडी धरून वाटेवरचं गाव दाखवायचं, त्याचं नाव घ्यायचं, मग साऱ्याजणींनी त्या गावाचं गाणं म्हणायचं. अशी मुक्काम करत करत भुलाबाई सासरी पोचायची.

त्या वाटेवर गोजर दरसाल एक गाव काढी. आवळबर्डी. तिचं माहेर. प्लेगच्या साली ते उठलं ते पुन्हा बसलं नाही. काही माणसं गेली, उरलेली चिखलीकडं पांगली, आणि आता तिथं बोरी-बाभळी माजल्या होत्या. भिंतीवर मात्र आवळबर्डी नांदतं होतं. बाकीच्या गावांना ती कुठं निंबाचं पान काढी, कुठं आड, कुठं मारुतीचा पार. आवळबर्डीला मात्र अंगठा गेरूत बुडवून ठसा द्यायची आणि हलकेच म्हणायची,

दुधाच्या नदीपार, आवळ्याचं बन दाट
माह्या माहेराले बाई, घाल सोनियाची वाट

यंदा धाकट्या दिराची बायको आली. सत्यभामा, पटवाऱ्याची लेक. बापाच्या मांडीला मांडी लावून तिनं शिवारांचे नकाशे पाहिलेले. तिनं पोरींना सांगितलं, पान, पार, आड असं काहीबाही काढलं तर परक्याला काय कळणार? खुणा ठरलेल्या पाहिजेत. नांदत्या गावाला भरलेलं रिंगण, बाजाराच्या गावाला दुहेरी रिंगण. आणि नुसतं रिकामं रिंगण म्हणजे बेचिराख, जिथं आता दिवा लागत नाही असं गाव. पोरी हरखल्या. सासू मनकर्णाबाईही कौतुकानं म्हणाली, यंदा भिंत धाकटीला करू दे.

गोजरनं मान डोलवली. पण त्या दिवशी तिनं गेरू मुद्दाम जाडाभरडा वाटला. सत्यभामेनं तो काही न बोलता फडक्यातून गाळून घेतला. तेही गोजरला झोंबलं. बाभळीचा काटा भिंतीत रोवायचा, त्याला दोरा बांधायचा आणि दोऱ्याच्या टोकानं गेरू फिरवायचा, अशी सत्यभामेची रिंगणं. सगळी चंद्रासारखी गोल. ज्या पोरी एरवी ‘मोठीमाय, मोठीमाय’ करत गोजरच्या पदराला लोंबायच्या, त्या आता ‘काकू, मले एक काढू दे’ म्हणत धाकटीभोवती गर्दी करत होत्या. गोजर चुलीपाशी बसून धूर नसतानाही डोळे पुसत होती.

आवळबर्डी काढलंय का, हे तिला विचारायचं होतं. पण विचारणं म्हणजे मागणं. आपल्याच भिंतीवर आपलंच गाव मागायचं? आणि काढलं असेल तर कसं? पटवाऱ्याच्या कागदावर ते रिकामंच असणार, हे तिला ठाऊक होतं. सत्यभामा दोनदा जवळ आली. ‘जाऊबाई, तुमच्या गावाले...’ एवढं म्हणाली, की गोजर घागर उचलून आडाकडं निघायची.

पुनवेच्या दुपारी सगळी मळ्यात वांगी तोडायला गेली. डोकं दुखतंय म्हणून गोजर घरी राहिली आणि भिंतीपुढं उभी राहिली. देश देखणा उतरला होता, हे तिला दिसलं आणि सोसलं नाही. दुधाच्या नदीकाठी सगळ्यांत मोठं एक रिंगण होतं, काठोकाठ भरलेलं. भुलाबाईची वाट मुद्दाम वळवून तिथं आणलेली. गोजरच्या मनानं लगेच घेतलं, हे पटवाऱ्याचं घर. अकरा वर्षं ही भिंत सारवली मी, आणि नदीकाठी माहेर बसवलं हिनं.

तिनं ओलं फडकं घेतलं. आतला गेरू पुसला, हळूहळू, कड न मोडता. रिकामं रिंगण राहिलं. त्याचा अर्थ आता तिलाही वाचता येत होता. क्षणभर छातीत गार वाटलं. मग तिनं फडकं खुंटीला अडकवलं आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

सांजेला पोरी आल्या, मातीची भुलाबाई पाटावर बसली, दिवा लागला. काडी शेजारच्या पुष्पीच्या हातात होती. दोन गावांची गाणी झाली. नदीकाठच्या रिंगणावर काडी आली आणि थांबली.

‘काकू, हे मोठीमायचं आवळबर्डी ना? रिकामं काऊन झालं?’

गोजरचे पिठाचे हात तसेच राहिले.

सत्यभामेनं भिंतीकडं पाहिलं. मग खुंटीवरच्या लाल फडक्याकडं. तिला समजायला वेळ लागला नाही. ती पोरींना म्हणाली, ‘माह्याच्यानंच भरायचं राह्यलं.’ आणि गेरूची वाटी घेऊन गोजरपाशी येऊन बसली.

‘सासूबाई म्हनल्या, त्या गावाले अंगठाच लागते,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘म्या तेच इचाराले येत व्हती. तुम्ही बोलल्याच नाई, मंग म्या आपलं भरून टाकलं.’

गोजरला वर पाहवेना. आपलं गाव आपल्याच हातानं पुसलं होतं, आणि कागदावर होतं तसंच करून ठेवलं होतं. तिनं विचारलं, ‘अन तुहं माहेर कोनतं?’

‘माहं नाई काढलं.’

‘काऊन?’

‘माहं काय काढाचं, जाऊबाई? ते त हाये ना तिथंच.’

हे तिनं अगदी साधेपणानं म्हटलं, आणि म्हणूनच ते गोजरच्या काळजात खोल रुतलं. हिचं माहेर आहे. भिंतीवर काढायचीसुद्धा गरज नाही, इतकं आहे.

ती उठली. हात धुतले, अंगठा गेरूत बुडवला आणि रिंगणाच्या मधोमध दाबला. ठसा लहान पडला; भोवती पांढरं उरलंच. पोरींनी आवळबर्डीचं गाणं उचललं आणि भुलाबाई तिथं मुक्कामाला उतरली. गोजरही गात होती. आणि गाता गाता तिची नजर पुन्हा पुन्हा त्या कडेवर जात होती. पुसतानाही कुठं मोडली नव्हती. मेलीचं रिंगण किती गोल आलंय.