अकरा जखमांचा साक्षीदार

गोपाळकृष्ण घारपुरे मंत्री होते तेव्हा पुण्यात त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. मंत्रिपद गेल्यावर मात्र ते मोठे झाले. निवडणूक हरले, पक्ष सोडला, वकिलीची जुनी सनद बाहेर काढली आणि मंडईजवळ दोन खोल्यांत मानवी हक्क केंद्र उघडलं. कोठडीत मार खाल्लेली, वस्तीतून उठवलेली माणसं तिथं येत आणि घारपुरे त्यांच्यासाठी कोर्टात जीव तोडून भांडत. व्यासपीठावर कुणी त्यांची स्तुती केली की ते मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये एका सकाळी दोघी मायलेकी केंद्रात आल्या. आई मार्केट यार्डात कांदा निवडायला जाणारी. मुलगी सॉफ्टवेअर कंपनीतली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"जय भीम, साहेब. मी कांताबाई ओव्हाळ. पोपट ओव्हाळांची बायको. ही मैत्री."

ते नाव घारपुऱ्यांनी लगेच ओळखलं.

दहा वर्षांपूर्वी मांजरी गावाकडची एक वस्ती कुठल्याशा कंपनीसाठी उठवायची ठरली. पोपट हा यार्डातला हमाल सगळ्यांना घेऊन बुलडोझरपुढे बसला. पोलिसांनी त्याला उचललं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेतच घरी आलं. विधानसभेत प्रश्न निघाला. घारपुरे तेव्हा गृहखात्याचे राज्यमंत्री. फाइलमध्ये डॉक्टरांचा अहवाल होता : अंगावर अकरा जखमा, दोन बरगड्या मोडलेल्या. त्यावर अधिकाऱ्यांनी टाइप केलेलं उत्तर टाचलेलं होतं. घारपुऱ्यांनी दोन्ही वाचलं आणि सभागृहात सांगितलं, "सदर इसम हृदयविकाराने मयत झाला. मारहाणीच्या खुणा नाहीत."

"केस परत उघडायचा अर्ज केलाय," मैत्री म्हणाली. "पण तो मेडिकल रिपोर्ट फाइलमधून गायब आहे. डॉक्टर वारले, अधिकारी बोलायला तयार नाहीत. तो वाचलेले तुम्ही एकटेच उरलाय. वकील आहे आमच्याकडे, सर. आम्हाला साक्षीदार हवाय."

"सभागृहातल्या बोलण्यावर कोर्टात प्रश्न विचारता येत नाही," घारपुऱ्यांच्या तोंडून वकील बोलून गेला.

"भाषणाचं कोण विचारतंय? फाइलमध्ये काय वाचलंत, एवढंच सांगा."

 आता कांताबाई म्हणाल्या, "जखमा मला ठाव हायेत, साहेब. अंघोळ मीच घातली त्यांना. पण तुमी तिथं म्हनलात का माणूस दारूडा होता. पेपरात आलं. त्यांनी कधी थेंब घेतला नव्हता. ही शाळेत जायची, तर पोरी हिला दारूड्याची पोर म्हनायच्या. ते कुनी लिहून दिलं व्हतं तुमाला?"

ते कुणीच लिहून दिलं नव्हतं. विरोधी बाकांवरून आरडाओरडा झाला, तेव्हा घारपुऱ्यांनी ते आपल्या मनानं जोडलं होतं. बाकं वाजली होती आणि त्यांना बरं वाटलं होतं.

"मी विचार करून कळवतो," ते कसेबसे म्हणाले.

दुपारी जेवताना त्यांनी पत्नीला, श्यामलाबाईंना, सगळं सांगितलं. बाईंनी ताटातला हात थांबवला. "म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या ह्यांनी तत्त्वासाठी पक्ष सोडला. छान. आणि आता विचार कसला करताय? मुहूर्त बघायचाय का?"

त्यांनी दुसऱ्याच दिवशी मैत्रीला फोन केला.

साक्षीच्या दिवशी कोर्टात त्यांचेच जुने अशील मागे बसले होते. घारपुऱ्यांनी अहवालातलं आठवत होतं ते सगळं सांगितलं. दारूचंही सांगितलं.

सरकारी वकिलानं विचारलं, "आपल्यावर कुणाचा दबाव होता?"

"नाही."

"पद जाण्याची भीती?"

"नाही."

"मग खोटं का बोललात?"

 खरं कारण घारपुऱ्यांना ठाऊक होतं. ते इतकं क्षुल्लक होतं की त्याचीच लाज जास्त वाटत होती. "सोपं होतं म्हणून," ते म्हणाले. "उत्तर तयार होतं. मेलेला माणूस ओळखीचा नव्हता."

कोर्टानं नव्यानं तपासाचा हुकूम दिला. पोपटला कोठडीत मारणाऱ्या दोघा पोलिसांपैकी एक निवृत्त झाला होता, दुसरा निलंबित झाला. केंद्राच्या विश्वस्तांनी घारपुऱ्यांचा राजीनामा मागून घेतला. काही जण फोन करून 'केवढं धाडस' म्हणत, तेव्हा ते फोन खाली ठेवून देत.

साक्ष झाली त्याच दिवशी कोर्टाच्या आवारात त्यांनी कांताबाईंपुढे हात जोडले होते. "बाई, माफी मागायचं तोंड नाही मला."

"माफीचं मागाहून बघू," कांताबाई म्हणाल्या. "कोर्टातलं आमच्या लोकांना काय कळलं न्हाई. रविवारी विहारात या. तिथं सांगा."

रविवारी सकाळी ते एकटेच बसनं गेले. उठवलेली माणसं आता कालव्याच्या पलीकडे राहत होती. विहारात पन्नासेक जण जमले होते. मैत्रीनं त्यांना पुढे उभं केलं आणि आईशेजारी जाऊन बसली. घारपुऱ्यांनी आजवर शेकडो भाषणं केली होती, पण इथं त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"पोपट ओव्हाळ दारू पीत नव्हते," त्यांनी सुरुवात केली. "ते मारानं मेले. मला माहीत होतं."

पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले, घारपुऱ्यांकडे न बघता बाहेर निघून गेले. त्यांच्यामागे आणखी दोघं गेली. कांताबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बोला," त्या म्हणाल्या, आणि घारपुरे पुढचं सांगू लागले.