डाव्या बटणावरची पाचर

मित्रांनो, तुमच्या कार्यशाळेच्या कोपऱ्यात, खिडकीखाली जी हिरवी मशीन उभी आहे, ती मी. सरांनी माझ्या अंगावर पाटी लावली आहे : 'यांत्रिक प्रेस, चाळीस टन, बंद.' पाटी खरी आहे, पण अपुरी आहे.

प्रेस हे माझे नाव. इंग्रजीत तो अगदी साधा शब्द आहे, दाबणे एवढाच. इकडे येऊन त्याने किती घरे केली, हे मला फार उशिरा कळले. कपड्यांना करतात ती प्रेस. वर्तमानपत्र छापतात तीही प्रेस, आणि त्यात बातम्या देणारी माणसे म्हणजेही प्रेस. पत्र्याला दाबून आकार देते ती मी. या सगळ्यांची आणि माझी गाठ एकाच बाईच्या आयुष्यात पडली.

माझा सांगाडा बिडाचा. तो पंजाबातल्या एका फौंड्रीत ओतला गेला आणि ट्रकमधून मी चिंचवडला आले. उद्धवरावांची पत्र्याची लहानशी शेड होती. माझ्या पाठीशी एक जड चाक सतत फिरत असते. समोरची दोन बटणे एकाच वेळी दाबली की त्या चाकाचा जोर माझ्या ठोकळ्याला मिळतो, ठोकळा साच्यावर उतरतो आणि पत्र्याच्या सपाट चकतीचे गाडीच्या हॉर्नचे झाकण होते. या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही.

दोन बटणांमध्ये दोन फुटांचे अंतर आहे. ते मुद्दाम ठेवलेले आहे. दोन्ही हात बटणांवर असले, तर साच्यात हात असूच शकत नाही. उद्धवराव रोज सकाळी आधी एकच बटण दाबून बघत. मी जागची हलले नाही की माझ्या अंगावर थाप मारून म्हणत, "गप बसली. शहाणी हाय." मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली खरी शाबासकी ती एवढीच, आणि ती न हलण्याबद्दल होती.

पण माझ्यात एक उणीव होती. दोन्ही बटणे दाबलेली आहेत, इतकेच माझ्या जुन्या वायरिंगला कळत असे. ती हाताने दाबली आहेत की आणखी कशाने, ते कळत नसे. नव्या प्रेस प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणे सुटली का ते तपासतात. मला ते शिकवायला एक दिवस पुरला असता.

उद्धवराव गेले. त्यांचा मुलगा दिग्विजय कारखाना घेऊन चाकणला गेला. शेड मोठी झाली, मशिनी वाढल्या आणि जयसिंग नावाचा सुपरवायझर आला. तो तिथल्याच गावचा. त्याने जुन्या पट्ट्याच्या जाड रबराचा एक चौकोनी तुकडा कापला आणि माझ्या डाव्या बटणावर, त्याच्या भोवतीच्या लोखंडी कड्यात घट्ट ठोकून बसवला. ती पाचर. आता डावे बटण कायमचे दाबलेले राहिले. डावा हात चकत्या लावायला मोकळा झाला, आणि माझा ठोका एकट्या उजव्या हाताने पडू लागला. ग्राहक कंपनीचे लोक तपासणीला आले की पाचर ड्रॉवरमध्ये जाई. ते गेटबाहेर पडले की परत जागेवर येई.

विजयश्री परभणीकडची. माझ्यावर कामाला लागली, त्या पहिल्याच दिवशी तिने विचारले, "भाऊ, हे रबर कशाला लावलंय?"

"टार्गेट अठराशेचं हाय, ताई," जयसिंग म्हणाला. "दोन्ही हातांनी बटणं दाबत बसलीस, तर तेराशेच्या वर जायची न्हाईस. मग तू अन् मी दोघंबी घरी."

ती पुन्हा विचारायला गेली नाही. तिचा हात चलाख होता. तिचा नवरा समाधान पुनावळ्यात सोसायट्यांच्या गेटपाशी हातगाडीवर कपडे इस्त्री करायचा. पहाटे ती कपड्यांवर पाणी शिंपडून घड्या घालून द्यायची आणि मग पहिल्या शिफ्टला यायची. समोरच्या मशीनवर दिपाली होती. दोघी माझ्याच आडोशाला डबा खात.

"आमच्या घरी दोन प्रेस," विजयश्री सांगायची. "एक माझी, एक ह्यांची. ह्यांनी तर स्कूटरवर लाल अक्षरात प्रेस लिहून घेतलंय. पोलीस अडवत नाहीत म्हणे."

"अन् अडवलं तर?"

"परवा अडवलं की. कुठला पेपर म्हणून विचारलं. हे म्हणाले, साहेब, पेपर नाही, कपडे. द्या तुमचा शर्ट."

दिपालीला हसताना ठसका लागला होता.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा असते. सकाळीच आम्हाला पुसून काढले, झेंडूचे हार घातले. ओल्या कुंकवाची वाटी घेऊन दिपाली एकेका मशिनीवर बोटे ओढत आली. माझ्या डाव्या बटणाशी थांबली.

"जयसिंगभाऊ, पाचर काढायची राहिली."

"लाव तशीच. तीबी कामाला हाय आपल्या."

सगळे हसले. दिपालीने बटणाच्या कड्यावरून, पाचरीवरून, दुसऱ्या बाजूच्या कड्यापर्यंत कुंकू ओढले. बटणाची जेवढी किनार पाचरीबाहेर होती, तीही लाल झाली. नारळ फुटला, आणि पेढे वाटले गेले.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक चकती साच्यात तिरकी बसली. विजयश्रीने ती सरळ करायला डावा हात आत घातला. उजवा हात सवयीने बटणावर गेला. सकाळपासून सातशेच्या वर वेळा तो असाच गेला होता. मी खाली आले. थांबायला माझ्याकडे काही नव्हते.

तिचे मधले बोट आणि अनामिका गेली.

दिपालीने आपली ओढणी तिच्या हाताला गुंडाळली. गाडी तिला दवाखान्यात घेऊन निघाली. गाडी गेटबाहेर पडायच्या आत जयसिंगने पक्कडीने पाचर उपसली आणि पँटच्या खिशात घातली.

दुपारी अपघाताच्या तपासणीला एक सरकारी साहेब आले. त्यांनी एक बटण दाबले. मी हलले नाही. ते सोडून दुसरे दाबले, तरी हलले नाही. दोन्ही दाबल्यावर हलले. 'मशीन सुस्थितीत,' असे त्यांनी लिहिले. मग दिपालीला विचारले, "बटणात काही अडकवलेलं होतं का?"

दिपालीने जयसिंगकडे पाहिले. "मला नाही दिसलं, साहेब. माझी पाठ होती."

तिची मशीन माझ्या समोर होती, मित्रांनो. माझ्याकडे पाठ करून ती चालवताच येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, पुढे 'प्रेस' लिहिलेल्या मोटारसायकलवरून एक माणूस गेटशी आला. जयसिंगशी पाच मिनिटे बोलला, चहा प्यायला आणि गेला. मला बघायला तो आत आला नाही.

तीन आठवड्यांनी विजयश्री समाधानबरोबर कागदावर सही करायला आली. तोवर मी बंदच होते. समाधानच्या हातात घडी केलेले वर्तमानपत्र होते. सोसायटीतून रद्दी यायची, त्यात तो इस्त्रीचे कपडे गुंडाळून द्यायचा.

"शर्ट गुंडाळायला कागद उचलला, तर त्यात हिचं नाव," तो म्हणाला. "निष्काळजीपणामुळे महिला कामगार जखमी, असं छापलंय. कुणाचा हो निष्काळजीपणा?"

जयसिंग म्हणाला, "मशीन ओके हाय, असं साहेबानं लिवलंय. मी काय करणार?"

विजयश्री माझ्यापाशी आली आणि डाव्या बटणावर वाकली. कुंकू वाळून घट्ट झाले होते. कड्यावर लाल, बटणाच्या किनारीवर लाल, आणि मध्ये स्वच्छ हिरवा चौकोन. रबराच्या मापाचा.

"दिपे, इकडं ये," ती म्हणाली. "हे तूच लावलंस ना? मग मधे का नाही लावलंस?"

दिपालीने आपली मशीन थांबवली. 

"सांग ना. एवढंच सांग. मी पाया पडून विचारते."

"विजे," दिपाली खाली बघत म्हणाली, "मला दोन पोरं हायत गं."

 जयसिंगने माझ्याच टेबलावर कागद ठेवला. 'माझी चूक झाली,' असे विजयश्रीच्या नावाने त्यात लिहिले होते. पंख्याने कागद उडू लागला. तो सरकू नये म्हणून तिने पट्टी बांधलेला डावा हात त्यावर दाबून धरला आणि उजव्या हाताने सही केली.

पुढच्या आठवड्यात मला रंग दिला, बटणांसकट. मग दिग्विजयने मला तुमच्या शाळेला भेट दिले. मला पुन्हा हार घातला गेला आणि पुन्हा प्रेसची माणसे आली. या वेळी त्यांनी माझ्याजवळ उभे राहून फोटो काढले.

ट्रकमध्ये चढवताना मी शेवटचे शेडकडे पाहिले. पाचर वाया गेली नव्हती. ती समोरच्या मशीनवर बसवली होती. तिच्या कडांना अजून थोडे कुंकू होते. दिपाली उजव्या हाताने बटण दाबत होती आणि डाव्या हाताने चकत्या लावत होती.

मित्रांनो, दोन वर्षांनी तुम्हीही तशाच शेडमध्ये कामाला जाल. मला तेल नको, हार नको. रोज वर्गात येताना माझे एकच बटण दाबून बघत जा. माझी वीज तोडलेली आहे, मी हलणार नाही. पण हाताला तेवढी सवय लागू द्या. आणि एखाद्या दिवशी दुसरी कुठली मशीन एका बटणावर हलली, तर हात मागे घ्या, आणि शेजारच्याला ऐकू जाईल असे सांगा. शेजारी तुम्ही असाल, तर पाठ होती म्हणू नका.